पोटाची वही

माण तालुक्यात एक वाडी आहे. तिथे आमचे एक स्नेही राहतात. त्यांचे खरे नाव आम्ही सांगणार नाही. दुखणे पोटाचे आहे, आणि पोटाच्या दुखण्याची माणसाला लाज वाटते. आपण त्यांना तात्या म्हणू.

तात्यांना तीन एकर जिराईत जमीन. विहिरीवर त्यातला थोडा तुकडा भिजतो. दारात वीस मेंढरे. वय अडतीस. अंग काटक. ज्वारीच्या काढणीत तात्यांच्या बरोबरीने पात नेणारा दुसरा गडी वाडीत नव्हता.

एका जेठ महिन्यात तात्यांचे पोट बिघडले. दिवसातून पाच-सहा वेळा तांब्या घेऊन उठावे लागे. पहाटे तर अशी कळ यायची, की अंथरुणातून उठेपर्यंत धीर निघत नसे. जाऊन बसावे, तर थोडी आंव पडे. आंवेबरोबर रगत पडे. उठून आले की पुन्हा वाटे, पोट साफ झालेच नाही.

तात्यांनी कुणाला सांगितले नाही. त्यांना वाटले, मूळव्याध असेल. बाजारातून चूर्ण आणले. तिखट सोडले. मग भाकरी सोडली. मग रात्रीचे जेवणच सोडले. असे चार महिने गेले. धोतर सैल झाले. अर्धा एकर कुळवला की बांधावर बसावे लागू लागले. कुणी म्हणाले, "तात्यानं मनाला काय तरी लावून घेतलंय." कुणी म्हणाले, "करणी हाय."

शेवटी काकूंच्या ध्यानात आले. काकू म्हणजे तात्यांच्या घरच्या मंडळी. धुणे धुताना त्यांना डाग दिसला. रात्री भाकरी वाढताना त्या म्हणाल्या,

"अवं, ह्ये कवापासनं हाय?"

"काय कवापासनं?"

"धोतराला रगत हाय. म्या काय आंधळी न्हाई."

तात्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "जेठापासनं."

"आन् मला आज कळतंय!"

दुसऱ्या दिवशी दोघे तालुक्याच्या गावी गेले. तिथल्या डॉक्टरांनी आमांशाच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या. गुण आला नाही. पुन्हा त्याच गोळ्या आणल्या. पुन्हा गुण नाही. आमांश आपल्याकडे फार आहे. तेव्हा आधी आमांशाचे औषध देऊन बघणे, यात काही चूक नाही. पण एकदा औषध घेऊन रगत थांबले नाही, तर तेच औषध पुन्हा पुन्हा घेत बसू नये. तिथे मात्र दिवस फुकट जातात आणि अंगातले रक्त कमी होते.

तात्या मग जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. तिथे पोटाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शौचाची आणि रक्ताची तपासणी केली. अंगात रक्त बरेच कमी भरले. मग त्या म्हणाल्या, "तात्या, आतून दुर्बिणीने बघावे लागेल."

तात्या ह्या दुर्बिणीला फार भ्याले होते. तसे भिण्यासारखे त्यात नाही. आदल्या दिवशी औषध घातलेले पाणी प्यायला देतात. त्याने पोट रिकामे होते. दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी मागच्या वाटेने आत घालतात. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. आतडे आतून कसे आहे, ते समोर पडद्यावर दिसते. आतड्याचा अगदी बारीकसा कण तपासायला घेतात. तो घेतलेला कळतसुद्धा नाही. तात्या बाहेर येऊन म्हणाले, "उगंच भ्यालो. परीस आदल्या दिसाचं पानी पिनं वंगाळ."

दुर्बिणीत आजार कळला. त्याचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाव परदेशी आहे, पण आजार आपल्याकडेही पुष्कळ जणांना आहे. आपण त्याला मोठ्या आतड्याचा जुनाट दाह म्हणू.

आत काय बिघडते

आपण खाल्लेले अन्न जठरातून लहान आतड्यात जाते. तिथे त्याचा रस अंगात घेतला जातो. उरलेले चोथापाणी मोठ्या आतड्यात येते. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याचे मुख्य काम पाणी शोषून घेण्याचे. म्हणून शौचाला बांधून होते.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती आहे. ती घराच्या राखणीच्या कुत्र्यासारखी आहे. चोर आला तर कुत्रा धावून जातो. पण एखादा कुत्रा बिघडतो आणि घरच्याच माणसांना चावू लागतो. ह्या आजारात तसे होते. अंगातली राखणदार शक्ती आपल्याच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर लाल होते. सुजते. त्याला बारीक जखमा होतात. जखमेतून रगत येते. सुजलेल्या आतड्यात पाणी शोषले जात नाही, म्हणून हागवण लागते. हा दाह गुदापाशी सुरू होतो आणि तिथून वर चढतो. कुणाचा एक वीतभर असतो. कुणाचे सगळे मोठे आतडे पेटलेले असते.

राखणीचा कुत्रा का बिघडतो, ते अजून पुरते उलगडलेले नाही. काही घराण्यांत हा आजार अधिक दिसतो. पण आई-बापाला असला म्हणजे मुलाला होतोच असे नाही. एक मात्र नक्की. हा आजार करणीने होत नाही. पापाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने लागत नाही. फार काळजी केली, झोप मोडली, तर असलेला आजार उसळी मारू शकतो. पण नुसत्या काळजीने तो जन्माला येत नाही. तेव्हा "तूच मनाला लावून घेतलेस" असे रोग्याला कुणी म्हणू नये.

मूळव्याधीतही रगत पडते, हे खरे. पण रगताबरोबर आंव, रोजची हागवण, झोपेतून उठवणारी कळ, उतरत जाणारे वजन, हे सारे मूळव्याधीने होत नाही. असे तीन-चार आठवडे चालले, तर दुर्बीण करून घ्यावी.

ह्या आजाराचा एक भाऊबंद आहे. त्याला क्रोन्सचा आजार म्हणतात. अमेरिकेतल्या क्रोन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी १९३२ साली तो नीट लिहून ठेवला, म्हणून त्याला हे नाव. तो तोंडापासून गुदापर्यंत कुठेही होतो. बहुधा लहान आतड्याच्या शेवटाला होतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही होतो, आणि क्षय व क्रोन्स दिसायला फार सारखे. क्षयाला एक औषध आणि क्रोन्सला दुसरे. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासतात, तेव्हा चिडू नये. क्रोन्सच्या रोग्याने विडी ओढली तर आजार जोर धरतो, हेही इथेच सांगून ठेवतो.

वर राख, खाली निखारा

डॉक्टरीणबाईंनी तात्यांना दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. एक मेसालामीन. ही आतड्याच्या अस्तरावर काम करते. दुसरी स्टेरॉइडची. ही भडकलेली आग लवकर विझवते. १९५५ साली इंग्लंडात ऑक्सफर्डच्या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की कॉर्टिसोन नावाच्या स्टेरॉइडने ह्या आजाराची जोराची उसळी आटोक्यात येते. त्याआधी अशा उसळीत बरीच माणसे दगावत.

पण स्टेरॉइड हे आग विझवायचे पाणी आहे. रोज प्यायचे पाणी नव्हे. ते फार दिवस घेतले तर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, अंगात लपलेला क्षय डोके वर काढतो. म्हणून ते थोडे आठवडेच देतात आणि पायरी-पायरीने उतरवतात. ते मनाने एकदम बंद केले तर जिवाला धोका होतो.

महिन्याभरात तात्यांचे रगत थांबले. भूक लागली. अंग भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तात्या, आता ऐका. आजार गेला नाही. झोपला आहे. स्टेरॉइड मी बंद करते. मेसालामीन मात्र रोज घ्यायची. बरे वाटले तरी घ्यायची."

तात्यांनी मान हलवली. घरी आले. सहा महिने गोळी घेतली. रोज दोन वेळा साधी शौचाला होई. पेरणी झाली. कोळपणी झाली. मग एक दिवस तात्यांनी हिशेब केला. गोळ्यांना महिन्याला इतके पैसे. खताला इतके. आणि पोट तर ठणठणीत! गोळी कशाला? काकूंना न सांगता त्यांनी गोळी सोडली.

आता इथे थोडे थांबू. आम्ही ह्या आजाराचे पुष्कळ रोगी पाहिले. बहुतेक जणांनी कधी ना कधी हेच केले. ती माणसे मूर्ख नव्हती. ताप आला तर गोळी घेतो, ताप उतरला की सोडतो. आपल्याला तीच सवय. पण हा आजार चुलीतल्या निखाऱ्यासारखा आहे. वर राख दिसते. हात लावला तर गार लागते. खाली निखारा असतो. रोजची गोळी ही त्यावरची राख आहे. राख काढली आणि वारा आला, की झाले.

तात्यांचा वारा माघात आला. ज्वारी काढणीला आली होती. आधी दोनाचे चार झाले. मग आठ. मग बारा. सगळे रगताचे. अंगात ताप. नाडी पळू लागली. पोट फुगले. तरी तात्या म्हणत होते, "एवढी ज्वारी पदरात पडू द्या, मग जातो." काकूंनी ऐकले नाही. दिराची गाडी काढली आणि तात्यांना दवाखान्यात नेले. अकरा दिवस ते खाटेवर होते. दोन बाटल्या रक्त चढवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी दोन दिवस उशीर केला असता, तर आतडे फाटले असते."

ज्वारी भावकीने काढली. पाच मेंढरे विकावी लागली. गोळीचे सहा महिन्यांचे पैसे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट पैसे गेले.

म्हणून ही खूण ध्यानात ठेवा. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रगताचे झाले, आणि त्याबरोबर ताप, पळणारी नाडी किंवा फुगलेले दुखरे पोट असले, तर ते दुखणे घरी ठेवायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी.

काकूंची वही

काकू दोन हिवाळे साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. अक्षर वाकडे होते, पण लिहीत होत्या. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पोराची एक जुनी वही घेतली. उभ्या रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात किती वेळा. तिसऱ्यात रगत हाय का न्हाई. चौथ्यात गोळी. पाचव्यात काम काय केले.

तात्या आधी चिडले. "माझ्या परसाकडंचा हिशेब मांडतीस व्हय?"

काकू म्हणाल्या, "मेंढरांचा मांडती. तुमचा न्हाई मांडायचा?"

ह्या वहीने काय केले, ते सांगतो. पुढच्या दिवाळीच्या सुमारास वहीत दोनाचे तीन झाले. चार दिवसांनी चार. सहाव्या दिवशी "थोडं रगत" असे काकूंनी लिहिले. तात्यांना वाटत होते, काल चकल्या खाल्ल्या म्हणून असेल. पण वही समोर होती. चकल्यांच्या आधीपासून आकडा चढत होता. दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वही पाहिली आणि रात्री निजताना मागच्या वाटेने घ्यायचे पिचकारीचे औषध दिले. तीन आठवड्यांत आकडा पुन्हा दोनावर आला. खाट नाही, रक्ताची बाटली नाही, एक मेंढरू विकले नाही. मागच्या वेळी निखाऱ्याचा वणवा झाला होता. ह्या वेळी ठिणगी पडली तिथेच विझवली.

गोळ्यांचे पैसे लागतात, हे खरेच आहे. सरकारी दवाखान्यात मिळतात का, ते विचारावे. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात का, ते पाहावे. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे मोकळे सांगावे. त्यांना सांगायची लाज वाटते आणि मनाने गोळी बंद करायची लाज वाटत नाही, असे पुष्कळांचे होते.

काम कसे करावे

तात्यांनी काम सोडले नाही. कामाची मांडणी बदलली. कळ पहाटे जोरात असते. म्हणून ते उजाडायच्या आधी उठतात, गरम पाणी पितात, पोट मोकळे होईपर्यंत घरीच राहतात. रानात एक घटका उशिरा जातात आणि संध्याकाळी एक घटका जास्त थांबतात. रानाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि चार पत्र्यांचा आडोसा करून शौचाचे भांडे बसवले. वाडीतले लोक आधी हसले. आता सगळ्यांच्या बायका तिथेच जातात.

खरी कठीण गोष्ट निराळीच होती. सावडीत आठ-दहा गडी असतात. मधेच औत सोडून पळावे लागले, तर काय सांगायचे? तात्या दोन वर्षे सावड टाळत होते. शेवटी त्यांनी एक दिवस बांधावर न्याहारीला सगळ्यांना सांगून टाकले. "माझ्या आतड्याला जखमा हायेत. ह्यो रोग लागत न्हाई कुनाला. मधनंच उठून गेलो तर इचारू नका. माघारी येऊन माझी पात म्या पुरी करीन."

एक तरणा गडी फिदीफिदी हसला. शेजारचे म्हातारे आबा त्याला म्हणाले, "पाटकुळी पोतं घेऊन त्याच्या म्होरं चालून दाव, मग हास." त्यानंतर कुणी हसले नाही. आम्हाला विचाराल, तर ह्या आजारात माणसाचे रगत जाते त्याहून जास्त तो लाजेने झिजतो. तात्यांनी सांगितले आणि सावड परत मिळाली.

एस.टी.चा प्रवास ही दुसरी अडचण. तात्या दाराजवळ बसतात. पिशवीत एक धोतर, साबण आणि पाण्याची बाटली ठेवतात. कंडक्टरला आधीच सांगून ठेवतात. आजवर दोनदाच गाडी थांबवावी लागली. पण पिशवी जवळ आहे, एवढ्यानेच त्यांची धास्ती कमी होते.

बायकांचे हाल ह्याहून जास्त. शेजारच्या गावच्या एका मावशींना हाच आजार आहे. त्या आठवडे बाजारात भाजी विकतात. बाजारात बायकांना जायला जागा नाही. म्हणून मावशी बाजाराच्या आदल्या रात्रीपासून अन्नपाणी घेत नसत. दोनदा त्यांना भोवळ आली. उपाशी राहिल्याने आतडे बरे होत नाही. माणूस मात्र खचतो. मावशींनी मग बाजारापाशी राहणाऱ्या एका शिंपीणबाईंशी बोलून घेतले. त्यांच्या घरचे शौचालय वापरतात आणि दर बाजारी मेथीची एक जुडी देतात. आता जेवून बाजाराला येतात.

मावशींच्या सुनेला मावशींसारखाच आजार निघाला असता तर, असे एकीने विचारले. म्हणजे मूल होऊ द्यावे का? द्यावे. आजार झोपलेला असताना दिवस राहिले, तर बहुतेक बायकांचे सगळे नीट पार पडते. पण आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवस राहिले म्हणून आपल्या मनाने गोळी सोडली, तर आजार उसळतो आणि त्याचाच मुलाला जास्त धोका असतो. काही थोडी औषधे गरोदरपणी चालत नाहीत. ती कोणती, ते डॉक्टरच सांगतील.

काय खावे

हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. उत्तर ऐकून नाराज होतात. कारण ह्या आजाराचे ठराविक पथ्य नाही. पोट पेटलेले असेल तेव्हा मऊ भात, मुगाचे पातळ वरण, केळे, उकडलेला बटाटा असे हलके खावे. कच्ची भाजी, सालीची कडधान्ये, फार तिखट तेव्हा नको. पोट झोपले, की घरचे सगळे खावे. ज्वारीची भाकरी खावी. अंडे, डाळ, शेंगदाण्याचे कूट खावे. रगत गेलेले असते, ते भरून यायला हवे. एखाद्याला दूध सोसत नाही. त्याने दूध सोडावे. पण शेजाऱ्याला सोसत नाही म्हणून आपण सोडू नये. तात्यांनी पहिल्या चार महिन्यांत एकेक पदार्थ सोडला, त्याने आजार तसाच राहिला आणि तात्या मात्र निम्मे झाले.

हागवण जोरात असेल तर पाणी कमी होऊ देऊ नये. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. ते घोट घोट प्या. मीठ जास्त घालू नका.

एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. गुडघे, कंबर दुखली म्हणून आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी हा आजार भडकू शकतो. अंग दुखले तर कोणती गोळी चालेल, ते डॉक्टरांना विचारून ठेवावे. बहुधा पॅरासिटामॉल चालते. आणि आजाराला आठ वर्षे झाली, की ठराविक काळाने दुर्बीण करून घ्यावी. फार वर्षे सुजलेल्या आतड्यात कर्करोग होऊ शकतो. वेळेवर दिसला तर उपाय आहे.

जपानचे पंतप्रधान आणि इंग्लंडचे नावाडी

एकदा तात्या उदास बसले होते. म्हणाले, "असल्या पोटाचा मानूस काय करनार?" तेव्हा आम्ही त्यांना दोन माणसांची हकीकत सांगितली.

इंग्लंडचे स्टीव्ह रेडग्रेव्ह हे होडी वल्हवण्याच्या शर्यतीत उतरत. १९८४ आणि १९८८ साली त्यांनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. १९९२ साली त्यांना हाच आजार झाला. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले. १९९६ साली चौथे. मग १९९७ साली मधुमेहही झाला. तरी २००० साली, अडतिसाव्या वर्षी, पाचवे मिळवले. वल्हवायला किती दम लागतो, ते कोकणातल्या माणसाला विचारा.

दुसरे जपानचे शिंझो आबे. त्यांना तरुणपणापासून हा आजार होता. २००६ साली ते पंतप्रधान झाले. वर्षभरात आजार उसळला आणि २००७ साली त्यांना पद सोडावे लागले. मग त्यांना नवे औषध मिळाले. ते औषध तात्यांच्या गोळीच्याच जातीचे. २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे राहिले. २०१७ साली मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या पायाभरणीला ते अहमदाबादला आले होते. २०२० साली आजार पुन्हा उसळला आणि त्यांनी पद सोडले. २०२२ साली त्यांची हत्या झाली. त्या हत्येचा आजाराशी काही संबंध नव्हता.

आजार एवढ्या मोठ्या माणसालाही दोनदा खुर्चीवरून उठवतो, हे आम्ही तात्यांपासून लपवले नाही. काही जणांना गोळ्या पुरत नाहीत. त्यांना अंगातल्या राखणदार शक्तीला आवर घालणारी जबर औषधे द्यावी लागतात. काहींचे मोठे आतडे काढावे लागते. मग पोटावर वाट करून पिशवी लावतात, किंवा लहान आतड्याचीच आत पिशवी करतात. स्कॉटलंडचे फुटबॉलपटू डॅरन फ्लेचर यांचे २०१३ च्या जानेवारीत ऑपरेशन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा मैदानात धावत होते.

तात्यांनी सगळे ऐकले. मग विचारले, "म्हंजी जपानच्या पंतप्रधानालाबी मधनंच उठून पळावं लागत आसंल?"

"लागतच असेल."

तात्या पोट धरून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

वारी

तात्यांचे वडील दर वर्षी आळंदीची पालखी फलटणला गाठत आणि तिथून पंढरपूरला चालत जात. लहानपणापासून तात्या त्यांच्याबरोबर असत. आजार झाल्यापासून तीन वर्षे वारी चुकली होती. गेल्या आषाढात तात्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी वही चाळली. सात महिने दोनाचा आकडा होता. त्या म्हणाल्या, "जा. पाणी उकळलेले प्या. उघड्यावरचे खाऊ नका. गोळ्या दोघांच्या पिशवीत अर्ध्या अर्ध्या ठेवा. एक हरवली तर दुसरी असेल."

काकूही बरोबर निघाल्या. मुक्कामाच्या ठिकाणी आता फिरती शौचालये ठेवतात, त्यामुळे पहाटेची चिंता कमी झाली. पहिल्या दिवशी तात्या दिंडीच्या कडेने चालले. दुसऱ्या दिवशी मधोमध गेले. नातेपुत्याला त्यांचे गुडघे सुजले. दिंडीतल्या एकाने मायेने एक गोळी पुढे केली. तात्या हात पुढे करणार, तोच काकूंनी विचारले, "कसली हाय ती? नाव वाचून दावा." त्याने वाचले. डायक्लोफेनॅक. काकूंनी ती परत केली आणि गुडघ्यांना गरम मिठाच्या पाण्याचा शेक दिला.

माळशिरसला तीन वेळा झाले. काकू रात्रभर जाग्या होत्या. रगत नव्हते. वेळापूरला आकडा दोनावर आला.

वारीनंतर ती वही आम्ही पाहिली. पानांना पाऊस लागला होता. शाई पसरली होती. वाखरीच्या मुक्कामाच्या तारखेपुढे काकूंच्या वाकड्या अक्षरात लिहिले होते: "दोन येळा. रगत न्हाई. गोळी घेतली. काम: चाललो. रिंगणात फुगडी घातली."